संजीवन सभा संपल्या, मंडप उतरला. आता पुढं?

अंबडरोड

जय ख्रिस्त. बाकीच्यांना नमस्कार.

आमच्या जालन्याच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संजीवन सभा परवा संपल्या. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चर्चच्या आवारात मंडप, ओळीनं तीन रात्री बाहेरगावचे वक्ते, ढोलक, कीबोर्ड, दहा वाजून गेले तरी न संपणारा संदेश आणि शेवटच्या रात्री आवाहन : ज्यांना आयुष्य नव्यानं प्रभूला द्यायचंय त्यांनी पुढं या. निम्मा मंडप उठतो, बायका रडतात, पाळकसाहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतात. मीही उठले. दरवर्षी उठते. माझ्या पुढं उभी असलेली आणि मागं उभी असलेली, दोघी दरवर्षीच्याच.

काल बुधवारची प्रार्थना सभा होती. मंडपवाल्याची पोरं बाहेर बांबू सोडत होती आणि आत आम्ही नेहमीचीच डोकी, पंखा फुल करावा की नको यावर चर्चा करत बसलेलो.

मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. शाळेत शिकवते, संडे स्कूल घेते, महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. उपासना चुकत नाही, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चुकत नाही. गीत सुरू झालं की वही न उघडता पाचही कडवी म्हणते आणि तिसऱ्या कडव्याला लक्षात येतं की डोक्यात उद्याचं वेळापत्रक चालू आहे. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातलं इफिसच्या मंडळीचं पत्र वाचलं की मला धडकी भरते. कारण ती मंडळी काही वाया गेलेली नव्हती. प्रभू आधी कौतुकच करतो : तुमचे श्रम माहीत आहेत, धीर माहीत आहे, खोट्या प्रेषितांना तुम्ही पारखून बाहेर काढलंत, थकला नाहीत. म्हणजे आजच्या भाषेत नंबर एकची कमिटी. आणि मग म्हणतो, पण तुम्ही पहिली प्रीती सोडलीत. नाही सुधारलात तर दीपसमई जागेवरून काढून टाकीन.

तर प्रश्न असा. विश्वासूपणा आहे, आस्था नाही, अशा माणसानं काय करायचं? 'प्रार्थना करा, वचन वाचा' हे उत्तर नको. ते मी दर रविवारी पोरांना देते.

---

गोदाकाठचा

रामकृष्ण हरी ताई. मी पैठणचा, तुमच्या पंथाचा नाही, तरी बोलतो. आमच्याकडं माळ घातली की एकादशी आणि हरिपाठ चुकवायचा नाही, वारी चुकवायची नाही. मन लागो न लागो. माझे वडील आयुष्यभर सांगत, मनाला विचारून नेम करायला लागलास तर नेमही जाईल आणि मनही. ह्यात तुम्हाला काय चुकतंय असं वाटतं?

---

वचनवेडा_नांदेड

प्रेझ द लॉर्ड ताई! तुम्हाला पवित्र आत्म्याच्या अभिषेकाची गरज आहे. नेम, रीत, परंपरा यानं कुणी पेटत नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्य काय कमिटीची मीटिंग घेत होते का? आत्मा उतरला, अग्नीच्या जिभा दिसल्या, तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या फेलोशिपमध्ये शुक्रवारी रात्रभर प्रार्थना असते. एकदा या. बघा कसं होतं ते.

---

अंबडरोड

@गोदाकाठचा, चुकत काहीच नाही, उलट हेवा वाटतो. फक्त आमच्या शास्त्रात नेमाला चांगलं म्हणून पुन्हा नेमावरच बोट ठेवलंय, ती माझी अडचण.

@वचनवेडा, भाऊ, पेंटेकॉस्टच्या आधीचे दहा दिवस ते लोक माडीवर एकचित्तानं प्रार्थनाच करत होते. आणि हो, मीटिंगही झाली बरं का, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडायला, चिठ्ठ्या टाकून. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. :)

---

सिस्टर_रिटायर्ड

बाळा अंबडरोड, आधी एक विचारते, रागावू नकोस. झोप किती होते? हिमोग्लोबिन कधी बघितलंस? थायरॉईड?

मी मिशनच्या दवाखान्यात सगळी नोकरी काढली. नाइट ड्युटीवरून येऊन सकाळी चर्चला बसलेल्या पोरी मी पाहिल्यात. त्यांना वाटायचं आपला विश्वास गेला. विश्वास कुठं गेला नव्हता, रक्त आठावर आलं होतं.

एलीया संदेष्ट्याचं बघ. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला माणूस, लगेच पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून मरण मागतोय. १ राजे १९. देवानं काय केलं? उपदेश दिला नाही. दूत आला, शिवलं, म्हणाला ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, परत झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवलं, परत खायला लावलं. तेवढ्या बळावर तो चाळीस दिवस चालला. 'तू इथं काय करतोस' हा प्रश्न देवानं होरेबला पोचल्यावर विचारला, उपाशीपोटी नाही.

शाळा, घर, सासू, संडे स्कूल, महिला मंडळ, वर संजीवन सभेचं जेवण. पोळ्या कुणी लाटल्या गं तीन दिवस?

---

अंबडरोड

सिस्टर, ओळखलंत. पोळ्या आम्हीच लाटल्या. तिसऱ्या रात्रीचा संदेश मी स्वयंपाकघरातूनच ऐकला, आवाहनाला तेवढी हात पुसून पुढं गेले. तपासणी करून घेते.

पण सगळं रक्तावर ढकलता येईल असं वाटत नाही. सुट्टीत, झोप पुरी झाल्यावरही तसंच असतं.

---

कोयता_ते_आयटीआय

ताई नमस्कार. बीड जिल्ह्यातला आहे. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाची उचल फेडायची म्हणून दिवाळी झाली की वस्ती रिकामी. वस्तीवर आमची ख्रिस्ती घरं थोडीच, ती पण उठायची. चर्चमधे म्हातारी माणसं आन् शाळेची पोरं राहायची. नाताळला पाळकसाहेब त्यांच्यापुढंच बोलायचे. आता माय थांबली, गुडघे गेले.

मायला वाचता येत नाही. प्रभूची प्रार्थना, तेविसावं स्तोत्र आन् दोन गाणी, एवढंच पाठ. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, रात्री म्हणायची. पहाटं तीनला उठून भाकरी, चारला फडात. बाप तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. संध्याकाळी गावातले दूधवाले वाढं न्यायला यायचे. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, जनावरांना घालतात. त्या पेंढ्यांचे जे सुटे पैसे यायचे ते मायचे. त्यातला दहावा हिस्सा ती पदराच्या वेगळ्या गाठीला बांधायची. भाजीला पैसे नसले तरी ती गाठ सोडायची नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, गावाकडं आलो की पहिल्या रविवारी ती गाठ पाळकसाहेबांच्या हातात.

मी एकदा विचारलं, माय, प्रार्थना करताना तुला काय वाटतं? म्हनली, झोप येती. मी म्हणलं मंग करती कशाला? म्हनली, झोप येती म्हणून त्याला न बोलताच झोपू का?

मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर येत नाही. हे आठवलं म्हणून लिहिलं.

---

गोदाकाठचा

वा. माउलींना दंडवत सांगा.

---

वचनवेडा_नांदेड

भाऊ, डोळ्यात पाणी आलं. आमेन.

---

आमोस_पाच

इथं सगळेच गोड बोलायलेत, मी जरा कडू बोलतो.

आस्था का विझते यावर तुम्ही मनात डोकावायलाय, थोडं आवारात डोकवा. मी ज्या मंडळीत वाढलो (गावाचं नाव नको) तिथं दोन गट आहेत. एका गटाची खुर्च्यांची बाजू उजवी, दुसऱ्याची डावी. आवारातल्या गाळ्यांच्या भाड्यावरून केस चालू. तारखेला दोन्ही गट वकिलासकट अर्धा तास आधी हजर. बुधवारच्या प्रार्थनेला म्हणे वेळ नाही! आणि हीच मंडळी संजीवन सभेत हात वर करून 'आत्म्या ये' म्हणते. तो कशाला येईल?

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू काय सांगतो ते काही गूढ नाही. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे उपासना अर्धी टाकून जायची परवानगी आहे. परवानगी काय, आज्ञाच. आजवर कुणाला प्रभुभोजनाच्या रांगेतून निघून समोरच्या गटातल्या माणसाकडं जाताना पाहिलंय?

जक्कय जकातदाराकडं संजीवन सभा नव्हती. प्रभू घरी जेवायला गेला आणि हा उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत. तारण घराला आलं ते तेव्हा. कुणी रडल्याचा उल्लेख नाही. हिशोबाचा आहे.

माझं मत : आस्था ही परतफेडीनंतर येते. आधी नाही.

---

सिस्टर_रिटायर्ड

आमोसदादा, खरं आहे. पण अंबडरोडनं कुणाचे गाळे घेतलेले दिसत नाहीत.

---

आमोस_पाच

त्यांना नाही म्हटलं सिस्टर. बाईंचा प्रश्न प्रामाणिक आहे. फक्त आपल्याकडं आस्थेचा प्रश्न नेहमी प्रामाणिक बायकाच विचारतात, आणि ज्यांनी विचारायला पाहिजे ते स्टेजवर सत्कार घेत असतात, एवढंच.

---

कागदावर_एक

आमोस_पाच यांनी हिशोबाचा विषय काढला म्हणून लिहितो. हा आयडी नवा आहे, कारण कळेल.

आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. घरात नाताळ, उपवासकाळ, सगळं. शाळेच्या दाखल्यावर मात्र धर्म हिंदू आणि पुढं जात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा लाभ फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती अजून बाहेर. गावकुसाबाहेरचं घर तेच, पाणवठ्यावरची वागणूक तीच, पण बाप्तिस्मा दाखवला की सवलत गेली. त्यामुळं आमच्या पिढीतल्या किती जणांचं कागदावर एक आणि रविवारी एक आहे हे ज्याचं त्याला माहीत.

मी तरुण संघात गिटार वाजवतो. ऑफिसात कुणाला माहीत नाही. नाताळला 'गावाकडं काम आहे' म्हणून रजा टाकतो. ताई, तुम्ही विचारलंत पेटायचं कसं. माझी अर्धी ताकद झाकण्यात जाते. सभेत वक्ते म्हणतात दिवा मापाखाली ठेवू नका. ऐकून घरी येतो आणि लेकाच्या ॲडमिशनचा फॉर्म भरतो.

कुणी उपदेश करणार असाल तर आधी माझ्या जागी फॉर्म भरून बघा.

---

सिस्टर_रिटायर्ड

लेकरा, उपदेश नाही. निकदेम आठवला. प्रभूकडं पहिल्यांदा आला तो रात्री. आणि अरिमथाईकर योसेफ, त्याच्याविषयी तर योहान सरळ लिहितो की तो भीतीमुळं गुप्त शिष्य होता. वधस्तंभावरून प्रेत उतरवायच्या वेळी पेत्र कुठं होता? मोठमोठ्यानं 'मी तुझ्यासाठी मरेन' म्हणणारे सगळे कुठं होते? प्रेत मागायला पिलाताकडं गेला तो योसेफ, आणि गंधरस-अगरू घेऊन आला तो निकदेम. दोघं रात्रीचे.

तुला कधी यावं लागेल, कसं, ते मी सांगणार नाही. पण लपलेल्यांना प्रभूनं हाकललेलं नाही.

---

आमोस_पाच

@कागदावर_एक, माझ्या हिशोबात तुमचं नाव नाही. तो कायद्याचा अन्याय आहे, तुमची लबाडी नव्हे.

---

छावणी_संभाजीनगर

उशिरा आलो. मी कॅथलिक, त्यामुळं तुमच्यातल्या काहींना आमच्या संतांचं वावडं असेल, चालवून घ्या.

मूळ प्रश्नातली अवस्था चर्चच्या इतिहासात फार जुनी आहे आणि तिच्यावर बारकाईनं लिहिलं गेलंय. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा संन्यासी होता (मृत्यू ३९९). त्यानं कंटाळ्याच्या दुरात्म्याचं वर्णन केलंय, आणि त्याची वेळही दिलीय : भर दुपार. संन्याशाला वाटतं सूर्य जागचा हलत नाही. तो खोपटाबाहेर येऊन जेवायची वेळ किती लांब आहे ते बघतो. मग इकडंतिकडं बघतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का. मग त्याला ही जागा आवडेनाशी होते, हातातलं काम आवडेनासं होतं, भावांमधलं प्रेम आटलंय असं वाटायला लागतं, आणि शेवटी दुसरीकडं कुठंतरी देव जास्त चांगला भेटेल असा विचार येतो. आपल्याकडची एप्रिलची दुपार आणि हातातला मोबाईल डोळ्यांपुढं आणा, एक ओळ बदलायला नको. त्याचा उपाय फार सुंदर वगैरे नाही. खोपटं सोडू नको, एवढाच आहे.

दुसरे संत इग्नेशियस, येशूसंघाचे संस्थापक, सोळावं शतक. कोरडेपणाच्या काळासाठी त्यांनी नियम घालून दिले. त्यातला मुख्य : कोरडेपणात आधीचे चांगले निर्णय बदलायचे नाहीत. उलट प्रार्थना ठरल्यापेक्षा थोडी वाढवायची. तास ठरला असेल तर तासाच्या वर थोडं बसायचं. आणि कोरडेपणाची कारणं ते तीन सांगतात. एक, आपलाच आळस. दोन, परीक्षा : गोडी नसताना तू किती टिकतोस. तीन, गोडी ही आपली कमाई नाही, देणगी आहे, हे कळावं म्हणून.

आमोस पहिल्या कारणाबद्दल बोलताहेत. कोयतावाल्या भावाच्या आईनं दुसऱ्याला उत्तर दिलंय. तिसऱ्याकडं आपण कुणी फारसे जात नाही, कारण ते मान्य केलं की सभेच्या पोस्टरवर 'संजीवन' छापता येणार नाही. तारीख देवानं ठरवायची झाली ना.

---

वचनवेडा_नांदेड

छावणी सर, पोस्टरचं मनाला लागलं. आमचं पण पोस्टर परवाच छापून आलंय. पण मग माणसानं मागायचंच नाही का? प्रभू म्हणाला मागा म्हणजे मिळेल. लूक अकरा. आणि तिथं मागायला सांगितलंय ते पवित्र आत्म्यासाठीच.

---

छावणी_संभाजीनगर

मागायचं ना. रोज मागायचं. आलं नाही तर दुकान बदलायचं नाही, एवढंच.

---

पोटूळ_स्टेशन

वचनवेडा यांचा मुद्दा सोडू नका, त्यात तथ्य आहे. आपल्या भाषेतलंच उदाहरण आहे, जरा लांबचं, केडगावचं.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनअखेरीस संजीवन झालं. त्याच्या कथा आपण ऐकतो : मुली रात्रभर रडत होत्या, प्रार्थना थांबेना, वर्ग बंद पडले. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत बाईंनी रोज जमून विशेष प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं होतं, सत्तरजणी उभ्या राहिल्या, आणि पुढं ती संख्या काहीशेवर गेली. रोज. म्हणजे जूनच्या आधी पाच महिने बसणं आहे. आणि त्या मुली कोण? दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकलेल्या. त्यांना भाकरी, गोधडी, अक्षरओळख आधी मिळाली होती. सिस्टर म्हणतात तो दूत तिथं बाईंच्या रूपात होता.

मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट, जी सभांमध्ये कुणी सांगत नाही. संजीवनाची लाट ओसरली. बाईंनी दुसरी लाट आणायला मंडप टाकला नाही. त्या भाषांतराला बसल्या. इब्री आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल. छपाई आवारातच, अक्षरांचे खिळे जुळवायला सदनातल्याच मुली. कान अधू झालेले, एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये गेलेली. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या तोवर ते काम हातात होतं. पुस्तक पूर्ण छापून निघालं १९२४ मध्ये.

आता सांगा, आस्था १९०५ ची मोठी की त्यानंतरची? मला दोन्ही एकाच बाईच्या दिसतात.

जालनेकरांना घरचंच उदाहरण हवं असेल तर नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, ब्राह्मण घरातला मुलगा, केवढं वादळ. ते वादळ महिन्यांचं. जालन्याजवळ बेथेल वसवायचं काम मात्र आयुष्यभराचं, तेही निजामाच्या राज्यात : जमीन मिळवा, विहिरी पाडा, लोकांना शेतीला लावा. विहिरी पाडतानाचा आवेश कुणी लिहून ठेवत नाही.

---

अंबडरोड

दोन दिवस शाळेच्या परीक्षांमुळं आले नाही, आता सगळं एकदम वाचलं. थोडं लांब लिहिते.

इफिसचं पत्र परत काढलं. मी आजवर त्याची चौथी ओळ वाचून घाबरत होते, पाचवीकडं घाईनं जात होते. पाचवीत प्रभू उपाय सांगतो. तू कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. पहिल्यासारखं वाटून घे, असं म्हणत नाही! वाटण्याचं त्या ओळीत नावच नाही. तक्रार प्रीतीची आहे आणि औषध कृत्यांचं दिलंय.

मग मी 'पहिली कृत्ये' म्हणजे माझी कोणती ते आठवत बसले. कमिटी नव्हती तेव्हा, मंडळाचं रजिस्टर नव्हतं तेव्हा. आमच्या माहेरच्या गल्लीत एक म्हाताऱ्या मावशी होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू, वाचता मुळातच येत नव्हतं. दृढीकरण (विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं त्या वर्षी आईनं मला त्यांच्याकडं पाठवायला सुरुवात केली, संध्याकाळी अध्याय वाचून दाखवायला. मावशी तंबाखू मळत ऐकायच्या आणि मध्येच थांबवायच्या. परत आलेल्या उधळ्या पुत्राला बापानं मिठी मारली तिथं म्हणाल्या, 'थांब. आई कुठंय त्याची?' मी म्हटलं, लिहिलेलं नाही. म्हणाल्या, 'लिहिणारा बाप्या असंल. ती चुलीपाशी असंल, वासरू कापलं म्हणजे शिजवणार कोण.' आणि हसत सुटल्या. त्या वयात मला जे काही प्रभूविषयी वाटलं ते तिथं, त्या ओट्यावर. एकाही मंडपात नाही. मावशी गेल्या, माझं लग्न झालं, पुढं पदं आली. पदांमध्ये वाचून दाखवायचं काम नसतं, अहवाल वाचायचा असतो.

म्हणून @पोटूळ_स्टेशन, दोन्ही एकाच बाईच्या हे पटलं. @छावणी, खोपटं सोडू नको हे पटलं, पण माझ्याबाबतीत एक भर घालते : खोपट्यात राहून मी काय करतेय तेही बघायला पाहिजे. इफिसची मंडळी खोपटं सोडून गेली नव्हती.

@आमोस_पाच, तुमचा मुद्दा मी टाळत होते. आमच्या मंडळात एकीशी माझं वर्षभर बोलणं नाही, हंगामाच्या सणाच्या लिलावावरून. (दानात आलेली कोंबडी कुणी किती बोलीला घेतली, इतकी थोर गोष्ट.) तुम्ही लिहिलंत त्या रात्रीच तिला फोन लावला. उचलला नाही. उद्या घरी जाणार.

@कोयता, तुमच्या आईंचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, न विचारता लिहिलं, चालेल ना?

---

कोयता_ते_आयटीआय

चालतंय ताई. मायला सांगितलं मी, जालन्याच्या मॅडमनं तुझं बोलणं वहीत लिहिलं. म्हनली, चुकीचं तर नाही ना बोलले मी.

---

वचनवेडा_नांदेड

ताई, मला अजून वाटतं की अग्नी लागतोच. पण पोटूळ सरांचं वाचल्यावर आमच्या शुक्रवारच्या ग्रुपमधे मी विचारलं, रोज सकाळी अर्धा तास कोण येईल. चौदा जणांनी हात वर केले. आज सकाळी तिघं आले.

---

पोटूळ_स्टेशन

तिघं चांगले. दोघं-तिघं जमतील तिथं तो असतोच म्हणतात.

---

गोदाकाठचा

आमच्या काकड्याला पण तिघंच असतात. एक मी, एक पुजारी, एक झोपलेला.

---

कागदावर_एक

सगळं वाचलं. सिस्टर, निकदेमाबद्दल धन्यवाद. मी सध्या एवढंच केलंय, या नाताळच्या रजेच्या अर्जावर खरं कारण लिहायचं ठरवलंय. कागद साधाच आहे, दाखल्याचा नाही. वेळ आहे अजून, तोवर टिकलं तर.

---

सिस्टर_रिटायर्ड

टिकेल. डिसेंबरात आठवण करीन.

अंबडरोड, रिपोर्ट काय आला?

---

अंबडरोड

हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन. गोळ्या सुरू. :)

आणि ऐका, आमच्या गल्लीत दोन आज्या आहेत, एक आमच्या मंडळीतली, एक नाही, दोघींना दिसत नाही. मंगळवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर वाचून दाखवायला जाणार आहे. कुठून सुरू करू?

---

छावणी_संभाजीनगर

मार्क. छोटं आहे, पळतं.

---

आमोस_पाच

मलाखी. चारच अध्याय. याजक 'काय कंटाळा आहे' म्हणत लंगडी जनावरं वेदीवर आणतात, आणि देव म्हणतो, हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, घेतो का. आज्यांना आवडेल.

---

सिस्टर_रिटायर्ड

रूथ. दोन बायकांची गोष्ट आहे, आणि त्यात स्वयंपाकघरात कोण होतं ते विचारावं लागत नाही.

---

अंबडरोड

रूथ. ठरलं. आणि लिलाववाली बाई भेटली. चहा दिला, बिस्किटं दिली, कोंबडीचा विषय तिनंच काढला. अजून वीस रुपयांवर अडलंय.